कच्च्या टाक्यांचा कोट

१

कपड्याची ट्रायल घेताना माझी ताई बोलत नसे. बोलणार कशी? ओठांत टाचण्यांची रांग धरलेली असायची. गिऱ्हाईक आरशासमोर उभं, ताई त्याच्या मागं नाहीतर पायाशी गुडघ्यांवर, आणि काही विचारलं की तोंड न उघडता नुसतं ‘हं’ करायची. एकदा ‘हं’ म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. कुणी फारच चुळबुळ केली तर मात्र टाचण्या हातात काढून घ्यायची आणि म्हणायची, “हलू नकोस.” मग कितीही मोठा माणूस असो, हलत नसे.

तिच्या शिवणघराचे दोन नियम होते. एक, तिला विचारल्याशिवाय कुठलीही वस्तू जागची हलवायची नाही. कात्रीसुद्धा नाही. दुसरा, कापडात सुई ठेवून उठायचं नाही. “सुई कापडात आहे म्हणजे माणूस कामावर आहे,” असं ती म्हणे. उठायचं असेल तर टाका पुरा करायचा, सुई गादीला टोचायची, मग उठायचं.

मी वेताच्या खुर्च्या विणतो. शाळा म्हणाल तर नावापुरती. आई लवकर गेली आणि ताईनंच मला वाढवलं. लहानपणी झाडावरून पडलो, उजवा हात मोडला, तो डाव्याहून बोटभर आखूडच राहिला. माझ्या प्रत्येक सदऱ्याची उजवी बाही ताई बोटभर कमी करायची, टेप न लावता. मी फार बोलत नाही म्हणून मला ‘मुक्या’ म्हणायची. जगात मला मुक्या म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग तिच्याकडे मास्तर आले. कापड कापायचं काम त्यांचं. डावा खांदा उतरलेला, हसणं मोठं, हात सोन्यासारखा. मी दुपारी खुर्चीचं काम आटपून गेलो की ती दोघं कापडावर वाकून कुजबुजत असायची, मी आलो की गप्प व्हायची. कापडाबद्दलच बोलत असतील. पण माझा चहा गार व्हायचा.

ताई गेली तेव्हा तिनं मृत्युपत्र करून ठेवलं होतं. लॉन्ड्रीच्या वरच्या शिवणघराच्या दोन्ही खोल्या, मशीन, सामान, सगळं माझ्यात आणि भाचीत निम्मं निम्मं. भाची म्हणजे आमच्या मधल्या बहिणीची मुलगी. तीही बिचारी आईविना. यात माझी काही तक्रार नव्हती. पण ही वाटणी पार पाडणार कोण, तर मास्तर. वकीलीणबाई ‘एक्झिक्युटर’ म्हणाल्या. मला कळलं नाही, तेव्हा म्हणाल्या, “कारभारी समजा.”

खालचा लॉन्ड्रीवाला दात काढून म्हणाला, “बाईंनी लग्न नाही केलं, पण कारभारी मात्र मागं ठेवून गेल्या.”

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन अर्धवट विणलेली खुर्ची पुढ्यात घेतली आणि वेत इतका ओढला की तुटला.

२

मास्तरांनी काहीच केलं नाही. ऋतू पालटले, खोल्यांना कुलूप तसंच. रोज दुपारी ते वर जायचे, बऱ्याच वेळानं खाली यायचे, हात रिकामे.

“मामा, हा माणूस वर बसून करतो काय?” भाची म्हणाली. तिला स्वतःचं शिवणाचं दुकान टाकायचं होतं. ताईनंच तिला शिकवलं होतं. “मावशीचं मशीन गंजून जाईल. तुम्ही काही बोलत का नाही?”

“काय बोलू?”

“बोलू नका. सही करा फक्त.”

मास्तरांना काढायच्या अर्जावर मी सही केली. भाचीला मशीन हवं होतं. मला मशीन नको होतं. मला मास्तरांकडची ती किल्ली हवी होती. ताईनं ज्याच्या हातात द्यावी असा माणूस मी असायला हवा होतो, आणि मी नव्हतो, हे माझ्या डोळ्यांत खुपत होतं. या वयात माणसानं कुणाला पाण्यात पाहू नये. पण मी पाहत होतो.

कोर्टात मास्तर नवा इस्त्रीचा सदरा घालून आले. बारीक झाले होते. जज्जसाहेबांनी विचारलं, “इतका उशीर का?”

“विचारलं आहे,” मास्तर म्हणाले. “होकार आलेला नाही.”

“कुठल्या कार्यालयात विचारलं?”

मास्तर खाली बघत राहिले. साहेबांना वाटलं, माणूस टोलवाटोलवी करतोय. सगळ्यांना तेच वाटलं. मला एकट्याला अंगावर काटा आल्यासारखं झालं, पण तो रागाचा असेल असं मी समजलो.

मास्तरांना काढलं. त्यांच्या जागी मला नेमलं.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मला वाटलं होतं, तोंड पाडतील, दोन शब्द ऐकवतील. त्यांनी लांब श्वास सोडला, जड पोतं उतरवलेल्या माणसासारखा.

“बरं केलंत, भाऊ,” ते म्हणाले. “फार बरं केलंत. फक्त विचारल्याशिवाय काही हलवू नका.”

आमच्या घरचा नियम, आणि तो मला हा माणूस सांगतो! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी किल्ली खिशात टाकली आणि वळून पाहिलंसुद्धा नाही.

३

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी गेलो. खालच्या लॉन्ड्रीतून वाफेचा सुस्कारा येत होता. जिना तोच, मधली पायरी दबते तीही तीच.

बाहेरची खोली जशीच्या तशी होती. कापायचं लांब टेबल. भिंतीला टांगलेले कागदी साचे. खिडकीपाशी मशीन, वर खोळ. कोपऱ्यात ट्रायलचा उंच आरसा, त्याच्यासमोर जमिनीवर पायांनी झिजून गुळगुळीत झालेली जागा. गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच उभी राहिलेली. धूळ मात्र हवी तेवढी नव्हती. मास्तर झाडत असतील, असं मनाशी म्हटलं.

आरशाशेजारी ताईचा, कपडे चढवून बघायचा पुतळा उभा होता. कापडी धड, खाली लाकडी पाय. त्याच्यावर एक कोट चढवलेला होता. राखाडी, भारी लोकरीचा, कच्च्या टाक्यांनी नुसता जोडलेला. पांढरा दोरा सगळीकडे दिसत होता. एक बाही लावलेली, दुसरी टेबलावर. कॉलर नाही, अस्तर नाही.

मी जवळ गेलो. डाव्या खांद्याला आतून कापसाची जाड गादी दिली होती, उतरता खांदा वर दिसावा म्हणून. हा कोट कुणाचा ते मला सांगायला कुणी नको होतं.

म्हणजे जाताजाताही ती त्यांच्यासाठी शिवत होती. माझ्यासाठी तिनं सदरे शिवले, विजारी शिवल्या, सगळ्या उरलेल्या कापडाच्या. कोट कधी नाही. “खुर्च्या विणायला कोट कशाला रे, मुक्या?” म्हणायची. मला पटायचं. आता पटेना.

मग मला ती सुई दिसली. कोटाच्या काखेत, अर्ध्या टाक्यात. दोरा ओवलेला, आणि त्याचं टोक हलत होतं, अगदी थोडं. खिडकी बंद होती.

ताईनं जन्मात कधी कापडात सुई ठेवली नव्हती. मास्तरांनीच ठेवली असणार, मी स्वतःला सांगितलं. आणि वारं काय, फटीतून येतं.

मी ती सुई काढली नाही. का, ते माहीत नाही. हात पुढं केला होता, तो तसाच मागं घेतला. कुलूप लावून खाली आलो.

४

पुन्हा गेलो तेव्हा कोटाला दुसरी बाही लागलेली होती.

मला पहिल्यांदा आला तो राग. मास्तरांकडे दुसरी किल्ली आहे! कोर्टानं काढलं तरी हा माणूस चोरपावलांनी येतो आणि तिच्या खोलीत बसून स्वतःचा कोट शिवून घेतो! मी त्याच दिवशी कुलूपवाल्याला बोलावून कुलूप बदललं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून दाराच्या कडीला वेताची सोललेली बारीक पट्टी बांधली, माझ्या हातची गाठ. ती गाठ सोडून पुन्हा तशीच कुणाला बांधता येत नाही. मास्तरांच्या सोन्याच्या हातांनासुद्धा नाही.

गाठ तशीच राहिली. आत कोटाला कॉलर बसली.

डोकं चालवून बघितलं. खिडकीला गज. माळा नाही. कदाचित कॉलर आधीपासूनच होती आणि मला म्हाताऱ्याला दिसली नसेल. कदाचित मी बघितलेली बाही दुसऱ्याच कुठल्या कोटाची असेल. माणूस स्वतःला समजवायला बसला की कुठंही पोचतो.

पण टाके माझ्या ओळखीचे होते. थोडे तिरपे, डावीकडे झुकलेले. लहानपणापासून ते टाके माझ्या अंगावर होते.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण तिच्यावर दुसरंच काही पसरलं होतं. ती अजून शिवते आहे. आणि त्यांच्यासाठी शिवते आहे.

५

मास्तर एका खोलीत राहत होते. गेलो तेव्हा भिंतीला पाठ अगदी टेकवून बसले होते आणि पाव खात होते. अंगावर बनियन. आधीपेक्षा तब्येत सुधारलेली.

“या भाऊ. बसा. खुर्ची मोडकी आहे, पण तुम्हाला काय, तुम्ही बसल्याबसल्या विणून टाकाल.”

मी बसलो नाही. “कोट पुरा होत आलाय तुमचा,” म्हणालो.

त्यांचा घास थांबला. “माझा?”

“खांद्याची गादी काय माझी आहे?”

“मी होतो तोवर माझ्या मापाचा होता,” ते हळू म्हणाले. “रोज थोडा थोडा. म्हणून तर मी तिथलं काही हलवलं नाही. दर वेळी विचारायचो, मशीन देऊ का, टेबल देऊ का. दोनदा ‘हं’ यायचं. दोनदाच.”

“ताई तुमच्याशी बोलायची?” माझा आवाज चिरका निघाला. मलाच तो परका वाटला.

“मी ताई म्हटलं का?” मास्तर म्हणाले.

मला त्यांचा तो पुसलेला, सुटलेला चेहरा सहन होईना. इतकं मिळालं होतं या माणसाला, आणि त्याला ते नको होतं.

“एक ऐका, भाऊ. आरशासमोरच्या त्या जागेवर ट्रायलला उभे राहू नका. मी कधी राहिलो नाही. पुतळ्यावरून कोट माझ्याकडे वळलेला असायचा, घाल म्हणून. मी नाही घातला. तेवढंच एक शहाणपण केलं.” त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. “आता तुम्ही कारभारी. जाऊन बघा, बाही केवढी आहे.”

६

गेलो. भरदुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं.

डाव्या खांद्याची गादी उसवून काढलेली, खाली जमिनीवर पडली होती. मेलेल्या उंदरासारखी दिसत होती. उजवी बाही बोटभर आत दुमडून कच्ची टाकली होती. मी टेप लावला नाही. लावायची गरज नव्हती. सुई बाहीच्या कडेला, अर्ध्या टाक्यात.

मी रडलो. खोटं कशाला सांगू? त्या खोलीत काय आहे, का आहे, हे मी विचारलंच नाही. मला एवढंच दिसलं, की तिला माझा हात अजून आठवतो.

“ताई,” मी म्हणालो, “मशीन भाचीला देऊ का?”

लॉन्ड्रीची वाफ थांबली होती. आरशाच्या बाजूनं, खालून, गुडघ्याच्या उंचीवरून आवाज आला. ओठ मिटून केलेला.

हं. हं.

“बरं,” मी म्हणालो. “नाही देत.”

त्यानंतर मी रोज जाऊ लागलो. काही हलवत नसे. स्टुलावर बसायचो आणि बोलायचो. मी, ज्यानं आयुष्यात कधी चार वाक्यं सलग बोलली नाहीत, तो बोलायचो. कुठली खुर्ची आली, कुणी भाव पाडला, कुणाच्या बैठकीला भोक पडलं. अधूनमधून ‘हं’ यायचं. आरशासमोरच्या जागेवर मी पाय ठेवत नसे. तेवढं मास्तरांचं ऐकलं होतं.

कोटाला अस्तर लागलं. गर्द निळं. मी उठून जायचो तेव्हा पुतळा आरशाकडे तोंड करून असायचा. दुसऱ्या दिवशी दाराकडे, माझ्याकडे.

“मामा, तुम्ही वाळत चाललाय,” भाची म्हणाली. “आणि खोल्यांचं काय झालं?”

“विचारलं आहे,” मी म्हणालो. “होकार यायचाय.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिनं हे वाक्य आधी कुठं ऐकलं होतं, ते तिला आठवत होतं.

७

भाची वाईट नाही. तिनं मला समजावलं, डॉक्टरकडे नेते म्हणाली, हात धरून रडली. मग वकीलीणबाईंकडे गेली. या वेळी अर्ज माझ्या विरुद्ध होता. मला काढून तिला नेमा म्हणून. मला तो रीतसर घरी मिळाला. सोमवारी साहेबांसमोर उभं राहायचं होतं.

“चिडू नका, मामा,” ती म्हणाली. “मी करते सगळं. तुम्ही दमलाय. एकदा वर येऊन बघून तरी जाऊ द्या, सामान काय काय आहे ते.”

नाही म्हणता येईना. ती आली. टेबलावरून हात फिरवला, मशीनची खोळ उचलून बघितली. ती पुतळ्यापाशी थांबली.

“हा कुणाचा कोट? मस्त आहे की! बायकी दिसतोय, पण.”

“पुरुषाचा आहे.”

“कंबर बघा ना, केवढी घेतलीय.” तिनं हसत स्वतःच्या अंगाशी हात धरून माप घेतलं, शिवणारी माणसं घेतात तसं. “मला बसेल. मावशीनं माझ्यासाठीच करायला घेतला होता की काय?”

मी बघितलं. कंबरेच्या दोन्ही शिवणी आत घेतल्या होत्या. कालपर्यंत तशा नव्हत्या. आणि उजव्या बाहीच्या कडेला खडूची एक पांढरी रेघ होती, बोटभर खाली. दुमडलेलं कापड सोडायची खूण.

अजून साहेबांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, आणि इथं माप बदललं होतं.

“मामा, बरं वाटत नाहीये का? बसा.”

“तू जा,” मी म्हणालो. “मी कुलूप लावून येतो.”

ती जिना उतरली. दबणारी पायरी वाजली. मग मी दाराला आतून कडी घातली.

मी म्हणू शकतो की हे मी तिच्यासाठी केलं. पोर भोळी आहे, तो कोट बघून मोहानं घालून बसली असती, तिला वाचवायला मी पुढं झालो. ऐकायला चांगलं वाटतं. पण तेव्हा माझ्या मनात तिचा जीव नव्हता. मनात एवढंच होतं, की पहिल्यांदा मास्तर, आता ही. माझी पाळी इतकीच?

८

बाहीवरची खडूची रेघ मी अंगठ्यानं पुसली. पुतळ्यावरून कोट काढला. गार होता आणि वजनदार. डावा हात घातला, मग उजवा. उजवी बाही मनगटाच्या हाडावर येऊन थांबली, लहानपणीच्या सदऱ्यासारखी. कंबरेत आवळत होता. मी श्वास आत घेतला.

झिजलेल्या जागेवर जाऊन उभा राहिलो, आणि आरशात बघितलं.

म्हातारा दिसला, राखाडी कोटातला. त्याच्या मागं, कोटाच्या घेराशी, वाकलेलं डोकं होतं. मधोमध भांग, पांढरा आणि सरळ. तोंड दिसत नव्हतं. ओठांच्या जागी ओळीनं काहीतरी चमकत होतं. मी तेवढंच बघितलं आणि नजर समोर माझ्याच डोळ्यांत ठेवली.

“ताई,” मी म्हणालो, “हा माझाच ना?”

हं.

मी दुसऱ्या ‘हं’ची वाट बघितली. आलं नाही. माझे डोळे भरून आले.

पाठीच्या मधल्या शिवणीत सुई फिरायला लागली, भराभर. टाके कच्चे नव्हते. कोट अंगावर बसत गेला, श्वासाला जागा उरली नाही. मग मागून एक हात खांद्यावरून पुढं आला. मी खाली बघितलं नाही. माझ्या ओठांत काहीतरी गार, बारीक ठेवलं गेलं. मग त्याच्या शेजारी आणखी एक. मग आणखी. तिच्या तोंडातल्या टाचण्या एकेक करून माझ्या तोंडात येत होत्या. मी ओठ मिटून धरले.

जिन्यावर पावलं वाजली. भाची परत आली होती. तिनं दार ढकललं, कडी खडखडली.

“मामा? काय झालं? आत येऊ का?”

मी तोंड न उघडता उत्तर दिलं. दोनदा.

तिनं तो आवाज ओळखला असावा. लहानपणापासून ऐकलेला. पावलं मागं सरली, मग जिना धडधडत उतरली.

आता मागचं तोंड मोकळं झालं होतं.

“हलू नकोस, मुक्या,” ते म्हणालं.

आवाज ताईचा नव्हता.

मी हललो नाही. हललो असतो, तर ही जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असती.